ढिगाऱ्यातला शेवटचा बोअर

"ह्या बोअरला सोनं लागलं नाही तर प्रोजेक्ट क्लोज," सुशांतने सिएटलजवळच्या बॉथेलहून फोनवर सांगितलं. कंपनी त्याची, त्यामुळे लाडीगोडी नव्हती.

"लागणार," आसावरी म्हणाली. "पैज लावतोस?"

अलास्कातल्या ह्या बंद खाणीत पूर्वी दगड दळून सोनं काढायचे आणि उरलेला भुगा बाहेर फेकायचे. तो ढिगारा वर्षानुवर्षं गोठून टणक झाला होता. जुन्या गिरणीतून निसटलेलं सोनं त्यातच आहे, हा आसावरीचा दावा. त्यासाठी तिने सिएटलची सुखाची नोकरी सोडली होती. आतापर्यंतचे सगळे बोअर मात्र रिकामे निघाले, आणि ड्रिल चालवणारा डेल हल्ली तिच्याकडे बघायचंच टाळायचा.

तिची आई, रेखाताई, नागपूरहून राहायला आल्या होत्या. लेकीचा उतरलेला चेहरा त्यांना बघवेना. शेवटच्या बोअरच्या सकाळी त्या हट्टाने साइटवर आल्या.

"एवढी भोकं पाडलीत, धरणीमातेला कधी विचारलंत का गं?"

"आई, मायनस वीस आहे. आटप पटकन."

डेलने थोडं खणून मशीन थांबवलं. रेखाताईंनी भोकापाशी वाकून हळदकुंकू वाहिलं, काहीतरी पुटपुटल्या, नारळ फोडला. डेलने खोबरं आवडीने खाल्लं. मग ड्रिल घरघरत पुन्हा खाली गेलं आणि वर आलेला भुगा पिशव्यांत भरून लॅबला रवाना झाला.

रिपोर्ट आला तेव्हा आसावरी केबिनमध्ये चक्क नाचली. सोनं! तिच्या अंदाजाच्याही वर! सुशांतला खरं वाटेना. त्याने त्याच भुग्याची पुन्हा टेस्ट करायला लावली. पुन्हा सोनंच.

पुढच्या आठवड्यात तो स्वतःच जेवायला हजर. "मावशी, तुमची मुलगी जीनियस आहे! मी बोर्डाला सांगून टाकलं. मशिनरी निघालीसुद्धा. स्प्रिंगमध्ये अख्खा ढिगारा फोडायचा!"

"मी म्हणत नव्हते?" आसावरीची मान ताठ झाली. "सायन्स आहे यार, मटका नाही."

रेखाताईंनी दोघांना गरम पोळी वाढली. लेकीच्या कौतुकाने त्यांना अगदी भरून आलं होतं.

"सायन्स राहू दे तुझं. आधीच्या भोकांना पूजा कुठे केली होतीत? भूमिपूजनात सोनं घालावंच लागतं. माझ्या बोरमाळेतला एक मणी सोडला होता मी त्यात."