परत आलेली मेल

किनवटहून पहिल्या रेल्वेनं नांदेडला आलेल्या अण्णांनी दारातच लेकीला अन् तिच्या कडेवरच्या नातीला डोळे भरून पाहिलं, मगच चप्पल काढली.

“तुला धाडलेली मेल दोनदा परत आली, लुंबिनी.”

“मग फोन करायचा ना, अण्णा!”

“हिंमतच न्हाई झाली. जन्मभर पोस्टमनकी केली. पत्र परत येतं, तवा त्या पत्त्यावर माणूस उरलेलं नसतं.”

लुंबिनीला हसावं की रडावं कळेना. “अहो, मेलबॉक्स भरलाय फक्त! जुन्या मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेते, की झाली जागा.”

“उतरवतीस कशाला? पुसून टाक की. कोणाच्या हायेत एवढ्या?”

तिनं स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. हातानं लिहून, फोटो काढून रोज पाठवलेली अण्णांचीच पत्रं होती. तिच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनची.