पवळ्याचा डावा कान

देवणीत घरी बसून मी बायकांसाठी एक ऑनलाइन मंच चालवते. तिथे नाव न सांगता मनातलं लिहायचं. लिहिलेलं निघतानाच कुलूपबंद होतं आणि लिहिणारीने निवडलेल्या मैत्रिणीकडेच उघडतं. माझ्या पडद्यावर नुसती विस्कटलेली अक्षरं येतात.

"पोळ्याच्या आवतणासारखंच की," माझी चुलती धोंडाबाई म्हणाली. "बैलाला जेवाया बोलावताना त्याच्या कानात आपलंबी एक गुपित सांगायचं. त्यो कुणाला सांगत न्हाई."

मी हसले.

त्याच दुपारी पडद्यावर एक ओळ उमटली आणि खिडकीबाहेर, गोठ्यातल्या आमच्या पवळ्या बैलाचा डावा कान हलला. माशी असेल, म्हटलं. दुसरी ओळ आली. कान पुन्हा हलला.

मग ओळी भराभर येऊ लागल्या. कुणाच्या, कुठून, मलाही ठाऊक नाही. कुणी कानाशी लागावं तशी मान खाली घालून पवळ्या उभा राहिला. एका ओळीला त्याच्या डोळ्यांतून पाणी गळलं.

"काकू, बघ!"

काकूने डोक्यावर पदर घेतला. "बोलू नगंस. ऐकून राहिलाय त्यो."

लग्न ठरल्यापासून एक गोष्ट माझ्या पोटात होती, आईलाही न सांगितलेली. मी ती लिहिली. पाठवायच्या बटणापाशी बोट नेलं, पण दाबलं नाही.

गल्लीभर चाललेला रवंथाचा आवाज एकदम थांबला. प्रत्येक दावणीतल्या गुरांनी माझ्या खिडकीकडे कान वळवले होते.