स्रोताशी नातं

सरांनी फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला. पलीकडे घंटी वाजत राहिली. चाळीस जणांचा वर्ग चिडीचूप. तिसऱ्या बाकावरच्या मुलीचा मनातल्या मनात एकच धावा चालला होता : उचलू नका, बाबा, उचलू नका.

पहिल्याच दिवशी सरांनी नियमांचा कागद वाटून प्रत्येकाची सही घेतली होती. तीस वर्षं एका दैनिकात दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त करून ते इथे पत्रकारिता शिकवायला आले होते. नाव चुकलं तर शून्य. बातमी उशिरा दिली तर निम्मे गुण. सबब एकच चालेल, स्वतःचं मरण. मनचं लिहिलं तर थेट नापास. बातमीतल्या प्रत्येक माणसाचा नंबर द्यायचा, आणि तो आपला कोण लागतो तेही त्याच्यापुढे लिहायचं. "मी कोणालाही, कधीही फोन करीन," सर म्हणाले होते. तेव्हा सगळे हसले होते.

तिची बातमी सार्वजनिक स्वच्छतागृहांवर होती. तिथल्या सफाई कामगारांना सहा महिने हातमोजे मिळाले नव्हते. तिने पालिकेच्या अधिकाऱ्याला गाठलं, त्वचेच्या डॉक्टरला गाठलं. पण बातमीत जीव आला तो बस स्थानकावरच्या एका कामगाराच्या दोन वाक्यांनी. ती वाक्यं तिने घरी जेवताना ऐकली होती. बाबा डाव्या हाताने जेवत होते, म्हणून तिने सहज विचारलं होतं. ताटं उचलल्यावर तिने ती वहीत उतरवून घेतली. बातमीच्या कागदावर बाबांचा नंबर लिहिला. नात्याच्या रकान्यात लिहिलं : काही नाही.

"बोला," पलीकडून आवाज आला. मागे बादलीत पाणी पडत होतं.

"नमस्कार. मी कॉलेजातून, पत्रकारितेच्या वर्गातून बोलतोय. तुम्ही नाव सांगू नका, तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे. आमच्या एका विद्यार्थिनीने तुमचं म्हणणं बातमीत घेतलंय. वाचतो हं." सरांनी चष्मा सारखा केला. "'आधी हात खाजतात, मग कातडी सुटते. पुढे पुढे काही कळतच नाही, ते एक बरं.' हे तुम्हीच म्हणालात?"

पाण्याचा आवाज थांबला.

"हो साहेब. मीच म्हणालो."

"तिने लिहिलंय की तुमचं तिचं काही नातं नाही. नियम आहे म्हणून विचारतो. ती तुमची कोणी लागत नाही ना?"

तिने बाकाची कड घट्ट धरली. बाबांना खोटं बोलता येत नाही, हा त्यांच्या घरातला चेष्टेचा विषय होता. आईने आतून "मी घरी नाही म्हणून सांगा" असं म्हटलं, तर बाबा दारात जाऊन सांगायचे, "ती म्हणतेय, ती घरी नाही." आता ते अडखळणार. मग सर विचारणार. मग सगळा वर्ग मागे वळून बघणार.

"नाही साहेब," बाबा जराही न अडखळता म्हणाले. "माझी कोणी लागत नाही. पण पोरगी हुशार वाटली. चांगले मार्क द्या तिला."

वर्गात हशा पिकला. सरही हसले. "या वर्षातली सगळ्यात चांगली बातमी," त्यांनी फोन चालू असतानाच जाहीर केलं. "कॉलेजच्या अंकात पहिल्या पानावर घेऊ." मागच्या मुलाने तिच्या पाठीत धपाटा घातला, "बाजी मारलीस की!" ती हसली.

तास संपताच ती बस स्थानकावर गेली. एरवी ती स्थानकाच्या मागच्या फाटकाने जायची. तिकडून जवळ पडतं, असं मैत्रिणींना सांगायची. आज पुढून, स्वच्छतागृहाकडून गेली.

बाबा खराट्याने फरशी घासत होते. तिला पाहताच त्यांनी आधी तिच्या मागे पाहिलं, बरोबर कोणी आहे का.

"इथे कशाला आलीस? कोणी बघेल."

"बाबा, माझ्यामुळे तुम्हाला खोटं बोलावं लागलं." तिने वाटेत घोकलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. "घरच्या माणसाची मुलाखत चालत नाही, असा नियम आहे. म्हणून मी तसं लिहिलं."

बाबांचे खांदे सैल पडले.

"नियम होता होय!" ते पालथ्या बादलीवर बसले आणि मोठ्याने हसले. हसता हसता त्यांनी मनगटाने डोळे पुसले. "आणि मी आपला मघापासून काहीच्या बाही... दोनदा बादली सांडली बघ हातातून. म्हटलं, पोरीला आपली..." पुढचं त्यांनी गिळलं. "जाऊ दे. बरं झालं सांगितलंस. नियम तो नियम."

समोर एक ड्रायव्हर बसची काच पुसत होता. बाबांनी त्याला हाक मारली, "ओ, ही माझी मुलगी! पहिल्या पानावर बातमी येणार आहे हिची!"

ड्रायव्हरने फडकं हलवून दाद दिली. बाबांनी मान ताठ केली.

तिला तिथूनच घरी जाता आलं असतं. सर खूश होते, बाबा खूश होते, आणि बातमी तर अक्षर न अक्षर खरी होती. ती दोन पावलं निघालीही. मग परत आली आणि बाबांच्या समोर उकिडवी बसली.

"बाबा, तसा नियम नाहीये. घरचं माणूस चालतं. आपलं आहे म्हणून सांगायचं, एवढाच नियम आहे."