फोटोतली घार

फोटोवाल्याने बाबांच्या जुन्या कॅमेऱ्यात बॅटरी बसवली, लेन्स काढून उजेडाकडे धरली, पुन्हा बसवली आणि समोरच्या कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला.

"भिंतीचा?" धाकट्याने विचारलं.

"विकणारा लपवतो हो. भिंत लपवत नाही."

ओळखपत्रांचे फोटो काढण्यात त्याची वीस वर्षं पांढऱ्या पडद्यासमोर गेली होती. जुना कॅमेरा घ्यायचा तर तो आधी पांढऱ्यावर पारखायचा, हा त्याचा शिरस्ता. त्याने फोटो मोठा करून बहीणभावांपुढे धरला. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक करडा ठिपका होता, दोन्ही बाजूंना जरासा पसरलेला.

"आत सेन्सरवर कचरा बसलाय. जुना, चिकटलेला. भिंत, आकाश असं काही मोकळं आलं की दिसणारच."

धाकट्याचं तोंड उतरलं. ताई मात्र वाकून बघतच राहिली.

"अरे, ही तर आपली घार!"

ती धावत जाऊन अल्बम घेऊन आली. समुद्रावरचा फोटो, टेकडीवरचा, शाळेच्या मैदानावरचा. प्रत्येक आकाशात, त्याच कोपऱ्यात, तीच घार. बाबा म्हणायचे, मी जवळ नसलो तरी ती तुमच्यावर लक्ष ठेवून असते. लग्नानंतर नव्या घरात पाऊल टाकल्यावर ताई सगळ्यात आधी गच्चीत जाऊन वर बघून आली होती.

"म्हणजे बाबांनी आपल्याला चक्क मामा बनवलं," धाकटा हसला. "की त्यांनाही ठाऊक नव्हतं?"

ताईला हसू येईना. बाबा गेले तेव्हा आवरलेलं रडू आता येत होतं, आणि तेही कचऱ्याच्या एका कणासाठी.

फोटोवाला कॅमेऱ्यासोबत आलेल्या बाबांच्या बॅगेचे कप्पे चाचपत होता. अगदी आतल्या कप्प्यातून त्याने सेन्सर पुसायच्या काड्यांचं पाकीट काढलं. त्याला दुकानाची पावती टाचलेली होती.

"पावती बारा वर्षांपूर्वीची," तो म्हणाला. पाकीट त्याने उलटसुलट करून पाहिलं. "अजून फोडलेलंसुद्धा नाही. ठाऊक होतं त्यांना."

धाकट्याने उगीचच अल्बम मिटला आणि पुन्हा उघडला.

"पण मला पुसावं लागेल, ताई," फोटोवाला जरा ओशाळून म्हणाला. "गावभरच्या ओळखपत्रांवर घार कशी चालेल?"

"पुसा की. कॅमेरा आता तुमचा." ताईने पदराने डोळे टिपले. "फक्त त्याआधी आमचा एक फोटो काढा."

तिघं गच्चीत आले. भावंडं कठड्याला टेकून उभी राहिली, धाकट्याने कॉलर सारखी केली. वर आकाशात औषधालाही पाखरू नव्हतं. फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला, थोडा वर उचलला आणि मोकळा हात हलवून म्हणाला,

"दोघंही जरा इकडे सरका. घारीला जागा द्या."