मागच्या बाकावरची माणसं

"कायद्याला डोळे नसतील, पण काळीज असतं, आणि आज मी ते हलवलं," वकीलसाहेबांनी कोर्टाच्या पायऱ्यांवर जाहीर केलं. तेव्हा ते एका पायावर उभे होते. दुसऱ्या पायातला बूट पॉलिशवाल्याकडे होता.

ऐकायला मावशी एकट्याच. कपडे शिवून पोट भरणाऱ्या. वयाने साहेबांपेक्षा लहान, पण अशील बाई असली की साहेब तिला मावशीच म्हणत. उभी हयात त्यांनी गरिबांचे खटले फुकट लढवले, आणि त्यांत हा म्हणजे जीव की प्राण. मालकाला भाडेकरूंसकट इमारत पाडायची होती. दर तारखेला कुणी ना कुणी भाडेकरू मागच्या बाकावर येऊन बसायचा, आणि त्याच्याकडे बघून साहेबांना चेव चढायचा.

"निकाल स्वच्छ आहे, मावशी. आता तुम्हाला तिथून कुणी हलवू शकत नाही."

मावशींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"म्हणजे आम्हाला परत तिकडे राहायला जावं लागेल का?"

साहेब हसले. मग हसायचे थांबले.

"परत?"

"जिना पडला ना, तेव्हाच सगळे निघालो. मी लेकीच्या शेजारी खोली घेतली, बेकरीवाले भावाकडे गेले. आता कबुतरं असतात तिथे."

"जिना कधी पडला?"

"तुमचे केस काळे होते तेव्हा."

साहेब पायरीवर बसले. ती इमारत त्यांना तोंडपाठ होती, खिडक्या-मोऱ्यांसकट, पण फायलीतून. प्रत्यक्ष जायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती आणि पलीकडच्या वकिलावरही. दोघे नकाशावर बोट ठेवून भांडत आले होते.

"मला सांगितलं का नाही?"

"फी घेतली असतीत तर तोंडावर सांगितलं असतं. फुकट राबणाऱ्या माणसाला नको कसं म्हणायचं? बेकरीवाले म्हणाले, एवढा घसा फोडून बोलतोय बिचारा, मागे वळून बघेल तर बाक रिकामं नको. मग आम्ही पाळ्या लावल्या."

"पाळ्या," साहेब म्हणाले.

"घरात लग्न असलं तरी कुणी चुकवली नाही हो."

पायऱ्यांखाली साहेबांच्या दुसऱ्या एका खटल्याचे अशील थांबले होते. साहेबांची नजर पडताच ते अदबीने सावरून उभे राहिले. साहेबांनी घाईघाईने नजर वळवली आणि पॉलिशवाल्याने पुढे केलेला बूट नुसताच मांडीवर धरून बसले.

"मालक वरच्या कोर्टात जाईल," ते सवयीने म्हणाले.

"जाऊ दे की. आम्ही आहोत," मावशींनी धीर दिला. "फक्त तारखा तेवढ्या दुपारच्या घ्याल का? सकाळी नातीला शाळेत सोडायचं असतं."