पाटाकाठची नानेटी

समरीनच्या घोट्यावर रक्ताचे बारीक ठिपके उमटले होते आणि तिचा बाप हसत होता.

"नानेटी आहे गो ही, बिनविषारी! पाठीवरचे पट्टे बघ. दापोलीला आम्ही हिला खिशात घालून शाळेत न्यायचो." हसनने बेचक्याच्या काठीने सापाची मान वाळूत दाबून धरली होती.

खजुरांच्या सावलीत, पाण्याच्या पाटाकडेला चटई अंथरलेली होती. जुम्म्याची सुट्टी, बिर्याणीचे झाकण नुकतेच निघालेले. हसनचा भागीदार तय्यब घास गिळत म्हणाला, "भाभी, हसनभाईंनी सांगितलं म्हणजे खलास. इथं आखातात अख्ख्या हमरिया गावात सापाचं नाव यांनाच विचारतात."

सफूराने लेकीचा पाय मांडीवर घेतला. घोटा गरम लागत होता.

"गाडी काढा."

"जेवून निघू. तासभर गाडी हाकून दवाखान्यात सांगायचं काय? नानेटी चावली? लोक हसतील."

"ही दापोली आहे?"

"नानेटी कुठेही नानेटीच."

लोक हसतील! सफूराच्या मस्तकात तिडीक गेली. पोरीच्या पायात काय भिनते आहे हे ठाऊक नसताना या माणसाला तय्यबसमोरच्या आपल्या शब्दाची काळजी पडली होती. ती ओरडली नाही. ओरडली असती, तर त्याने तिला घाबरट ठरवून ताट पुढे ओढले असते.

"पक्की खात्री आहे?"

"शंभर टक्के."

"मग हात पुढे करा. तुम्हालाही चावू दे. मग सगळे मिळून जेवू."

तय्यब हसला; दुसरे कोणी हसत नाही असे पाहून ताटात बघू लागला.

हसनने बाही वर सारली, गुडघा टेकला, मोकळा हात सापाच्या तोंडाशी नेला. वीतभर अंतरावर हात थांबला. सापाची जीभ आतबाहेर होत होती.

"अब्बा, धरा ना," समरीन हुंदके देत म्हणाली. "नानेटीच आहे ना?"

हात पुढे सरकला नाही.

सफूराने लेकीला खांद्यावर घेतले. चटईवरची गाडीची किल्ली उचलून तिने तय्यबच्या ताटाशेजारी आपटली.

"उठा, तय्यबभाई. गाडी तुम्ही चालवा. यांचे हात गुंतलेत."

तय्यब उष्ट्या हातानेच धावला. इंजिन सुरू झाले. "अगो, थांब! मी येतो!" हसनने मागून हाक मारली, पण काठी सोडली नाही.