अण्णांच्या पायांची परीक्षा

“हात टेकवले! मी बघितलं, हात टेकवले तुम्ही!” बाई ओले हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

अण्णा खुर्चीतून निम्मे उठले होते, ते तसेच परत बसले. समोर उभ्या असलेल्या फिजिओनं वहीचं पान उलटलं.

“हातांचा आधार न घेता उठायचं, एवढी साधी गोष्ट. सरका बघू.” बाईंनी नवऱ्याला उठवलं, स्वतः खुर्चीत बसल्या आणि छातीवर हात बांधून दहा वेळा उठल्या-बसल्या. “हे असं!”

“छान,” फिजिओ म्हणाली. “फक्त बसताना धपकन बसू नका, बाई. सावकाश.”

बाईंचा पारा चढला. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत कवायत शिकवली होती, आणि ही पोरगी त्यांच्याच हाताखालून गेलेली, ‘डावा’ म्हटलं की हमखास उजवा पाय टाकणारी. तरीही त्यांनी पुन्हा दहा वेळा, सावकाश बसून दाखवलं. समोरच्याला नीट समजेपर्यंत दाखवायचं, ही त्यांची जुनी खोड होती.

दोन महिन्यांपूर्वी नवरा-बायको एकमेकांचा हात धरून जिना उतरत असताना पडली होती. आधी कोण पडलं यावर घरात एकमत नव्हतं. बाईंच्या मते अण्णांनी त्यांना ओढलं. अण्णांचा घोटा सुजला, त्यामुळे वादाचा निकाल आपोआपच लागला. बाईंचा गुडघा खरचटला होता, पण डॉक्टरकडे जायला त्यांनी साफ नकार दिला. “मला काय धाड भरलीय?” असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

मुलानं मात्र अट घातली. सहा आठवडे व्यायाम, मग फिजिओ परीक्षा घेईल. एका पायावर वीस सेकंद उभं राहता आलं नाही, तर हा तिसरा मजला सोडायचा आणि त्याच्याकडे तळमजल्यावर राहायला जायचं.

बाईंच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसायचं. रोज सकाळी त्या तिथं उभ्या राहत आणि रांग वाकडी दिसली की वरूनच ओरडत. मुलं वर न बघता गपचूप सरळ होत. हे सगळं सोडून जायला त्या अजिबात तयार नव्हत्या.

म्हणून त्या अण्णांच्या मानगुटीवर बसल्या. सकाळी ओट्याला धरून टाचा उचलणं. संध्याकाळी फरशीच्या रेघेवरून, टाचेला अंगठा लावत चालणं. घोट्याची सूज आठवड्यात उतरली होती, पण अण्णा काही सुधारेनात. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, तिळाएवढे स्क्रू बसवणारा, आणि त्याला टाच उचलायची कशी ते कळेना!

“तू एकदा दाखव ना,” ते म्हणत. “बघितल्याशिवाय मला येत नाही.”

बाई पंधरा वेळा करून दाखवत. अण्णा दोनदा करत आणि म्हणत, “आज एवढं पुरे.”

चौथ्या आठवड्यात बाईंनी एक गोष्ट पाहिली. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत अण्णा एका पायावर उभे राहून पायजमा चढवत होते. सावकाश, शीळ घालत. भिंतीला हात नाही, कपाटाला हात नाही. बाईंनी सवयीनं मोजलं. तेवीस.

संध्याकाळी त्यांनी मुद्दाम अण्णांना एका पायावर उभं केलं. चार मोजेपर्यंत अण्णांनी खुर्ची पकडली.

हे काय गौडबंगाल आहे ते बाईंना कळेना. रात्रभर त्यांनी विचार केला, आणि सकाळी चहा पुढे ठेवताना सरळ विचारलं, “तुम्हाला मुलाकडे जायचंय का?”

“तिथं बाग आहे म्हणे,” अण्णा पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

बाईंना फार लागलं ते. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस त्यांच्याशी कधी लबाडी करून वागला नव्हता.

त्या दिवशी फिजिओला दारापर्यंत सोडताना त्यांनी पायजम्याची गोष्ट तिच्या कानावर घातली. “मुद्दाम नापास व्हायचंय त्यांना,” त्या कुजबुजल्या.

फिजिओनं चपला घातल्या. “अजून दोन आठवडे आहेत, बाई. तुम्ही दाखवणं सोडू नका.”

परीक्षेच्या सकाळी मुलगा आला. तीन जिने चढून धापा टाकत सोफ्यावर बसला. फिजिओनं हाताशी खुर्ची ठेवली, स्टॉपवॉच काढलं. अण्णा उठले, पाय उचलला, दोन्ही हात हवेत फिरवले आणि पाचव्या सेकंदाला खुर्चीवर ओणवे झाले.

“मग, ठरलं म्हणायचं का?” मुलानं विचारलं.

“काही ठरलं नाही!” बाई कडाडल्या. “ढोंग करतायत हे! मी डोळ्यांनी पाहिलंय. यात अवघड काय आहे? हे बघा!”

त्यांनी उजवा पाय उचलला आणि डाव्यावर उभ्या राहिल्या. खालून मैदानातली शिट्टी ऐकू आली. हे आता सुटणार, या विचारानं त्यांचे डोळे भरले, पण पाय हलला नाही. दहा झाले, वीस झाले. अण्णा खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून, श्वास रोखून बघत होते. शेवटी दमून नव्हे, रागानंच बाईंनी पाय खाली आपटला.

“किती?” मुलानं हळूच विचारलं.

फिजिओनं स्टॉपवॉच बंद केलं. “छत्तीस,” ती म्हणाली, आणि आकडा वहीत लिहून घेतला. “आता दुसरा पाय, बाई. तुमची परीक्षा अर्धीच झालीय.”